सकाळचे वाचन : हलके, पण सकस

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा ते एक तास चहासुद्धा घ्यायचा नाही, असे सांगितले की ओपीडीत समोर बसलेल्या व्यक्तीचा चेहरा पडतो. गोळीचे काही वाटत नाही, चहाशिवायच्या त्या अर्ध्या तासाचे वाटते. हाडे ठिसूळ झालेल्यांना आठवड्यातून एकदा जी गोळी देतात, तिचीही अट अशीच असते. पेलाभर पाण्याबरोबर घ्या, नंतर किमान अर्धा तास काही खाऊ नका आणि आडवे होऊ नका. घरी रक्तदाब मोजणाऱ्यांनी मोजण्याआधी पाच मिनिटे नुसते शांत बसायचे असते. थोडक्यात, पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कितीतरी घरांत सकाळचा एक तुकडा औषधांनीच मोकळा करून ठेवलेला आहे. त्या वेळात करायचे काय, एवढाच प्रश्न उरतो.

बहुतेकांचे उत्तर उशाशीच असते. डोळे पुरते उघडायच्या आत हात मोबाइलकडे जातो. रात्रभरात साचलेले निरोप, कुठल्या तरी अपघाताची चित्रफीत, लांबच्या नातेवाइकाच्या निधनाची बातमी, फुलांची चार शुभ सकाळ आणि एखादे फळ खाल्ल्याने मधुमेह मुळापासून जातो अशी ग्वाही. स्वयंपाकघरातून ‘अहो, चहा घेताय ना?’ अशी हाक येईपर्यंत माणूस बसल्या जागी दमलेला असतो.

याच वेळेसाठी एक जुना, स्वस्त आणि बऱ्याच घरांत कपाटात पडून असलेला उपाय आहे, तो म्हणजे पुस्तक. मात्र कुठलेही पुस्तक या वेळेला चालत नाही. रात्री वाचायचे वेगळे, प्रवासात वाचायचे वेगळे, तसे सकाळचेही वेगळे असते. ते निवडताना शरीरात त्या वेळी काय चाललेले असते, हे माहीत असले तर निवड सोपी होते.

जाग आली म्हणजे जागे झालो असे नाही

झोप ही दिव्याच्या बटणासारखी बंद होत नाही. मेंदूचा खालचा भाग, म्हणजे श्वास, नाडी आणि सावधपणा सांभाळणारा भाग, लवकर कामाला लागतो. कपाळामागचा भाग मात्र मागे राहतो. विचार करणे, तोलून पाहणे, नको त्या गोष्टीकडे दुर्लक्ष करणे ही त्याची कामे. त्याला पुरते जागे व्हायला साधारण पंधरा मिनिटे ते अर्धा तास लागतो, अपुऱ्या झोपेनंतर त्याहून जास्त. या मधल्या अवस्थेत माणूस चालतो, बोलतो, दात घासतो, पण त्याची पारख अर्धवट झोपेत असते. म्हणूनच सकाळी वाचलेला कुठलाही निरोप खरा वाटतो आणि कुठलीही शंका मोठी वाटते.

दुसरीकडे शरीर मात्र चढावर असते. जाग आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल हे संप्रेरक आणखी वाढते. अनेकांत ही वाढ जवळपास निम्म्याने असते. रक्तदाब वाढतो, नाडी वेग घेते. दिवसाच्या कामाला लागण्याची ही नैसर्गिक तयारी आहे, तिच्यात आजार काही नाही. पण ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच कडक झाल्या आहेत, त्यांच्यासाठी हा काळ थोडा नाजूक असतो. अमेरिकेत १९८५ साली जेम्स मुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचे झटके नेमके कोणत्या वेळी सुरू होतात हे तपासले, तेव्हा सकाळी नऊच्या सुमारास त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त आढळले. नंतरच्या अनेक अभ्यासांतही सकाळचा हा चढ दिसला.

याचा अर्थ सकाळ धोक्याची आहे आणि पुस्तकाने झटका टळतो, असा कुणी घेऊ नये. झटका टाळायला रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणे, तंबाखू सोडणे आणि चालणे हेच खरे उपाय आहेत. पुस्तक त्यांची जागा घेत नाही. अर्थ एवढाच, की शरीर चढावर असताना आणि पारख अजून झोपेत असताना मनासमोर काय ठेवायचे, याचा थोडा विचार करावा.

बातम्यांचा मनावर किती भार पडतो, याचे एक उदाहरण बोलके आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात जे लोक रोज सहा किंवा अधिक तास स्फोटाच्याच बातम्या पाहत-वाचत राहिले, त्यांनी सांगितलेला मानसिक ताण प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त होता. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बातम्या वाचूच नयेत असे यावरून निघत नाही. तुमच्या हातातले हे दैनिकही वाचण्यासाठीच आहे. फक्त ते चहाबरोबर, पुरते जागे झाल्यावर उघडावे. त्यात दोघांचेही भले आहे.

हलके म्हणजे काय?

आजारातून उठलेल्याला डॉक्टर ‘हलका आहार घ्या’ म्हणतात. एखादा रुग्ण घरी जाऊन चिवडा खातो, कारण चिवडा हाताला हलका लागतो. डॉक्टरांच्या मनात असते मुगाची खिचडी, मऊ भात, ताक. हलके म्हणजे पचायला सोपे, आणि तरीही पोषण देणारे. चिवडा वजनाला हलका, पण पोटाला जड.

वाचनाचेही तसेच आहे. ‘हलकेफुलके’ या नावाखाली पुष्कळ चिवडा विकला जातो. विनोदांच्या पुस्तिका, चुटक्यांचे संग्रह, घाईघाईने लिहिलेली प्रेरणादायी पुस्तके. पाने भराभर उलटतात आणि हाताला काही लागत नाही. त्यातले वाईट लिहिलेले वाक्य सकाळी विशेष त्रास देते. ज्या वाक्यात कर्ता एकीकडे आणि क्रियापद तीन ओळी पलीकडे असते, जिथे एका शब्दाचे काम चार शब्दांनी केलेले असते, तिथे वाचणाऱ्याला मागचे डोक्यात धरून ठेवावे लागते. हे धरून ठेवण्याचे काम कपाळामागच्या त्याच भागाचे, जो अजून पुरता जागा झालेला नाही. मग ओळ दोनदा वाचावी लागते, लक्ष उडते, आणि ‘वाचन आपल्याला जमत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दोष वाचणाऱ्याचा नसतो.

उलट चांगल्या लेखकाचे वाक्य वाचणाऱ्याला हाताला धरून चालवते. शब्द ओळखीचे, क्रम नैसर्गिक, आणि पुढे काय येणार याची मेंदूला आधीच चाहूल. अशा वाक्यात श्रम कमी पडतात आणि आनंद मात्र पुरेपूर मिळतो. म्हणून सकाळच्या पुस्तकाला दोन अटी आहेत, आणि दोन्ही एकदम पाळल्या पाहिजेत. ते हलके हवे आणि ते चांगले लिहिलेले हवे. पहिली अट पाळून दुसरी सोडली की चिवडा होतो. दुसरी पाळून पहिली सोडली, तर उत्तम ग्रंथ तिसऱ्या पानावर खूण घालून वर्षभर उशाशी पडून राहतो.

निवडताना चार कसोट्या

पहिली कसोटी कानाची. वाचनालयात कपाटासमोर उभे राहून पुस्तकाचा मधलाच एखादा परिच्छेद हलक्या आवाजात वाचून पाहावा. श्वास सहज पुरला, कुठे अडखळले नाही, तर पुस्तक घ्यावे. एका परिच्छेदात दोनदा मागे जावे लागले, तर ते संध्याकाळसाठी ठेवावे.

दुसरी कसोटी लांबीची. सावकाश वाचणाऱ्याची अर्ध्या तासात साधारण दहा-बारा पाने होतात. त्यामुळे पाच ते दहा पानांत पुरे होणारे लेखन सकाळला बरे. एक व्यक्तिचित्र, एक कथा, एक लघुनिबंध, प्रवासातला एक मुक्काम. बसल्या बैठकीत एक गोष्ट पूर्ण झाली की मनही मोकळे होते. दिवसाची सुरुवात काहीतरी पुरे करून होणे, हे निवृत्तीनंतर रिकामेपण जाणवणाऱ्यांना फार उपयोगी पडते.

तिसरी कसोटी ओढीची. सकाळी वाचलेल्या गोष्टीने दिवसभर मागे लागू नये. रहस्यकथा उत्तम असते, पण ती सहा वाजता हातात घेतली की साडेसात वाजतात, आंघोळ राहते, आणि खून कुणी केला हे कळेपर्यंत नाश्त्याबरोबरच्या गोळ्या डबीतच राहतात. ज्यांचा मधुमेह गोळ्यांवर किंवा इन्सुलिनवर आहे, त्यांनी वाचनाच्या नादात खाण्याची वेळ चुकवणे धोक्याचे आहे. साखर खाली जाऊ शकते.

चौथी कसोटी मागे राहणाऱ्या चवीची. पुस्तक मिटल्यावर माणसांविषयी थोडे बरे वाटते की चीड येते? विनोदातही दोन जाती आहेत. एक विनोद माणसाला आपलासा करतो, दुसरा त्याला चिरडतो. सकाळी पहिला बरा.

कपाटात काय आहे?

मराठी वाचकाचे नशीब असे, की या चारही कसोट्यांना उतरणारी पुस्तके आपल्याकडे भरपूर आहेत आणि ती बहुतेक वाचनालयांत मिळतात.

चिं. वि. जोशी हे बडोद्यात पाली भाषा शिकवणारे विद्वान. पण मराठी घरांत ते ओळखले जातात ते चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्यामुळे. प्रत्येक कथा स्वतंत्र, फजिती घरगुती, भाषा स्वच्छ. कुठलेही पान उघडावे आणि सुरू करावे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुरस्कारप्राप्त पुस्तक जड असेल, अशी भीती बाळगणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर उघडावे. एका सकाळी एक व्यक्ती, एवढाच नेम ठेवावा. त्यातल्या काही व्यक्ती शेवटी डोळ्यांत पाणी आणतात. ते पाणी वाईट नसते.

इथे एक वैद्यकीय सूचना आवश्यक आहे. हर्निया, पित्ताशय किंवा सिझेरियनच्या शस्त्रक्रियेनंतर पोटाचे टाके ओले असताना ‘बटाट्याची चाळ’ वाचायला घेऊ नये. हसताना पोटाचे स्नायू जोरात आकुंचन पावतात आणि चांगलेच दुखते. वाचायचेच असेल तर पोटावर उशी घट्ट धरून वाचावे.

विनोद नको असेल तर निसर्ग आहे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये आले. ते महिन्यामहिन्याने लिहिलेले आहे, त्यामुळे त्या त्या महिन्यात त्याचा तो भाग वाचण्याची सोय आहे. भाषा जरा दाट आहे, म्हणून दोन-तीन पानेच घ्यावीत आणि मग खिडकीबाहेरचे झाड पाहावे. मारुती चितमपल्ली यांची सगळी नोकरी वन खात्यात गेली. ‘रानवाटा’सारख्या पुस्तकांतून ते वाचकाला जंगलात नेतात आणि चहाच्या वेळेला परत आणून सोडतात.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३०च्या दशकात भागाभागाने प्रसिद्ध झाली. शाळेत न गेलेल्या या बाईंचे मराठी आजही ताजे वाटते, कारण ते बोलण्यातून आलेले आहे. आयुष्यातले प्रसंग कठीण आहेत, पण सांगण्याची तऱ्हा अशी, की वाचणारा खचत नाही. इरावती कर्वे यांचे ‘परिपूर्ती’मधले लेख, अनिल अवचट यांचे ‘छंदांविषयी’ हीदेखील याच जातीची पुस्तके. अवचट वैद्यकीय पदवी घेतलेले लेखक. त्यांची वेदनेवरची पुस्तके महत्त्वाची आहेत, पण ती दुपारसाठी ठेवावीत. लेखक एकच असला तरी त्याची सगळी पुस्तके एकाच वेळेची नसतात.

हाच फरक व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये जाणवतो. १९४९ मधले हे पुस्तक. वाक्ये इतकी साधी, की सातवीतल्या मुलालाही कळावीत. विषय मात्र दारिद्र्याचा आणि माणसाच्या हरण्याचा. भाषा हलकी आणि विषय जड. मन स्थिर असेल तेव्हा सकाळी ते जरूर वाचावे. घरात नुकतेच कुणी गेलेले असेल, तर काही महिने थांबावे.

ज्यांना सलग गद्य झेपत नाही, त्यांच्यासाठी बहिणाबाई चौधरींची गाणी आहेत. १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. खानदेशाबाहेरच्यांना काही शब्द अडतील, पण मोठ्याने म्हटली की बरेचसे शब्द आपोआप उलगडतात. रोज एक पुरे. आणि ज्यांचे शिक्षण कमी झाले आहे किंवा आजारपणानंतर लक्ष टिकत नाही, त्यांनी मुलांचे वाचण्यात कमीपणा मानू नये. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्यात मराठीतल्या मोठमोठ्या लेखकांनी मुलांसाठी लिहिलेले आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत. ते मोबाइलवर वाचायचे झाले तर आधी निरोपांच्या सूचना बंद कराव्यात.

खर्चाचा प्रश्न असेल तर जुने दिवाळी अंक पाहावेत. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा आजही चालू आहे. रद्दीवाल्याकडे, रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत ते थोडक्या पैशांत मिळतात, आणि एका अंकात महिनाभराच्या सकाळी निघतात.

सकाळी काय नको?

पहाटे चारला उठणाऱ्यांनी जग कसे जिंकले, हे सांगणारी पुस्तके नकोत. ती सात वाजता उठलेल्याला दिवस सुरू व्हायच्या आधीच अपराधी ठरवतात. आजारांची पुस्तकेही नकोत. सकाळच्या अर्धवट पारखीत छातीतला प्रत्येक गॅस हृदयविकार वाटू लागतो. राजकारण, कोर्टकचेऱ्या, भावकीतले वाद यांच्यावरचे वाचन रक्तदाब चढत असताना कशाला? भयकथाही संध्याकाळी नको आणि सकाळीही नको, दुपारी वाचाव्यात.

आरोग्याच्या दाव्यांबाबतही थोडी सावधगिरी हवी. ‘सहा मिनिटे वाचल्याने ताण ६८ टक्क्यांनी कमी होतो’ असे वाक्य मोबाइलवर सारखे फिरते. ते मोजक्या लोकांवरच्या एका छोट्या प्रयोगावरून आलेले आहे, त्याच्यावर भिस्त ठेवू नये. त्यापेक्षा भरवशाचा अभ्यास येल विद्यापीठातला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पन्नाशीपुढच्या ३,६३५ अमेरिकी व्यक्तींची बारा वर्षांची माहिती तपासली होती. पुस्तके वाचणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. वय, शिक्षण, उत्पन्न, आजार यांचा हिशेब धरूनही हा फरक राहिला. तरीही पुस्तकामुळेच आयुष्य वाढले, असे यातून सिद्ध होत नाही. ज्यांची तब्येत आणि दृष्टी बरी असते तेच जास्त वाचतात, हीही शक्यता उरते. वाचन हे औषध म्हणून घ्यायचे नसतेच. ते आवडले म्हणून करायचे असते, आणि त्यात नुकसान काही नाही.

खुर्ची, उजेड आणि चष्मा

जाग आल्यावर झटकन उठू नये. विशेषतः रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसून मग उभे राहावे. रक्तदाब मोजायचा असेल तर आधी लघवीला जाऊन यावे, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे आणि गोळी घेण्याआधी मोजावे. त्या पाच मिनिटांत आणि मोजताना बोलणे, मोबाइल, पुस्तक यांपैकी काहीच नको. आकडा वहीत लिहिला की पुस्तक उघडावे.

पलंगावर पडून, मान दुमडून वाचू नये. पाठ टेकता येईल अशी खुर्ची खिडकीजवळ, ओसरीवर किंवा गॅलरीत ठेवावी. सकाळचा नैसर्गिक उजेड डोळ्यांत गेला की शरीराचे घड्याळ जागेवर येते, आणि रात्री झोपही वेळेवर लागायला मदत होते. पुस्तक डोळ्यांपासून साधारण सव्वा फूट अंतरावर असावे. चाळिशीनंतर ते लांब धरावे लागत असेल, तर हात लांब करण्यापेक्षा चष्मा घ्यावा. सकाळी डोळे कोरडे वाटतात, म्हणून अधूनमधून पापण्या मिटाव्यात.

मधुमेहींनी एक लक्षात ठेवावे. साखर फार वर-खाली होत असेल तर डोळ्यातले भिंग फुगते आणि चष्म्याचा नंबर तात्पुरता बदलतो. काल दिसलेले अक्षर आज पुसट वाटते. अशा वेळी नवा चष्मा करण्याची घाई करू नये. आधी साखर आटोक्यात आणावी, काही आठवड्यांनी डोळे तपासावेत. वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी मात्र चुकवू नये.

ज्यांची सकाळ वेगळी आहे

‘सकाळी वाचा’ हा सल्ला बऱ्याच बायकांना थट्टेसारखा वाटतो, आणि ते रास्त आहे. पाचला उठून पाणी भरायचे, डबे करायचे, मुलांना शाळेला लावायचे. त्यात पुस्तक कुठे बसणार? त्यांच्यासाठी घरातले सगळे बाहेर पडल्यावर पहिल्यांदा टेकायला मिळते, तीच सकाळ. ती दहा वाजता येते. तो अर्धा तास पुन्हा भांड्यांना किंवा मोबाइलला देऊ नये, आणि घरातल्यांनीही तो त्यांच्याकडून काढून घेऊ नये. रात्रपाळीच्या परिचारिका, एसटीचे चालक, कारखान्यातले कामगार यांची सकाळ दुपारी होते. नियम तोच, उठल्यानंतरचा अर्धा तास. लोकलने जाणाऱ्यांना डोंबिवलीला बसायला जागा मिळाली तर एक कथा ठाण्याच्या पुढे संपते. उभे राहायचे झाले तर पुस्तक नको, दांडी धरावी.

ज्यांना मोतीबिंदूमुळे किंवा अर्धांगवायूनंतर वाचता येत नाही, त्यांना कुणीतरी वाचून दाखवावे. शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या ग्रामीण कथा त्यासाठी उत्तम. हे दोघेही माडगूळकरांबरोबर गावोगाव कथाकथन करत असत, त्यामुळे त्यांची भाषा तोंडात बसणारी आहे. ‘आजोबा, आज कुठली वाचू?’ असे नातवाने विचारणे हे दोघांनाही चांगले. नातवाचे मराठी सुधारते, आजोबांची सकाळ एकटी जात नाही.

पुस्तक काय सांगून जाते?

रोज ठरलेल्या वेळी वाचणाऱ्याला एक फायदा नकळत मिळतो. काही बिघडले तर ते लवकर लक्षात येते. एखाद्या सकाळी ओळीचा डावा किंवा उजवा भाग अचानक दिसेनासा झाला, ओळखीची अक्षरे लागेनाशी झाली, मोठ्याने वाचताना जीभ जड झाली, पुस्तक हातातून निसटू लागले, तर हा मेंदूचा झटका असू शकतो. ‘चहा घेतल्यावर बरे वाटेल’ म्हणून थांबू नये. १०८ ला फोन करून ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. उठतानाच लक्षणे असतील तर रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला होता, हे डॉक्टर विचारतात. त्याचे उत्तर घरातल्या कुणाकडे तरी हवे. एका डोळ्याने पाहताना सरळ ओळी वाकड्या दिसू लागल्या तर तेही डोळ्याच्या पडद्याच्या विकाराचे लक्षण असू शकते. त्यासाठी नेत्रतज्ज्ञाकडे लवकर जावे.

दुसरी गोष्ट मनाची. रोज आवडीने वाचणारा माणूस तेच पान घेऊन बसलेला दिसतो, जिथे नेहमी हसायचा तिथे हसत नाही, पहाटे तीन-चारलाच जाग येते, सकाळी सगळ्यात उदास वाटते आणि दिवस चढतो तसे थोडे सुधारते. असे दोन आठवडे चालले तर तो आळस किंवा म्हातारपण समजू नये. ही नैराश्याची लक्षणे असू शकतात, आणि नैराश्यावर चांगले उपचार आहेत. अशा वेळी आणखी विनोदी पुस्तक आणून देणे हा उपाय नव्हे. कुटुंबाच्या डॉक्टरांशी किंवा सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागाशी बोलावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क बोलता येते, मराठीतही. मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी मदत घ्यावी आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.

आजच्या रात्रीची तयारी

सकाळी पुस्तक शोधायला लागले की मोबाइल जिंकतो. म्हणून निवड आदल्या रात्री करावी. पुस्तक, चष्मा, पाण्याचा पेला आणि सकाळची गोळी एका जागी ठेवावी. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा. गजरासाठी तो लागत असेल तर साधे घड्याळ आणावे. ज्यांच्या घरी कुणी आजारी किंवा दूर आहे, त्यांनी फोनची घंटा मोठी ठेवावी, पडदा मात्र बघू नये. पहिला आठवडा दोनच पाने वाचावीत. एखादे पुस्तक तीन दिवसांत रुचले नाही तर बिनदिक्कत परत करून दुसरे आणावे. वाचनालयाच्या ग्रंथपालांना ‘छोटे छोटे लेख असलेले, चांगल्या मराठीतले काही आहे का?’ एवढे विचारले तरी ते दोन-चार पुस्तके काढून पुढे ठेवतात.